नऊ दिवसांची रजा आणि अकरा हजार फूट

उन्हाळी सुट्टी जवळ आली की बोरिवलीच्या संजय गांधी राष्ट्रीय उद्यानात पहाटे चालायला येणाऱ्यांत एक वेगळा गट दिसू लागतो. पाठीवर भरलेली सॅक, पायात रुळवायला काढलेले नवे बूट आणि तोंडी हंप्ता, सर पास, केदारकंठा ही नावे. प्रवेशद्वारापासून कान्हेरीपर्यंतचा सहा-सात किलोमीटरचा रस्ता आणि वर लेण्यांच्या पायऱ्या, असा त्यांचा सराव चालतो. मुलुंडच्या टेकड्यांवर आणि आरेच्या रस्त्यावरही हेच चित्र असते. हिमालयातल्या पहिल्या ट्रेकची ही तयारी आहे आणि ती चांगलीच आहे. फक्त ती पायांची तयारी आहे. उंचीवर माणूस आजारी पडतो तो पायांमुळे नव्हे.

गोंधळ नेमका इथेच होतो. सह्याद्रीत घडलेल्या ट्रेकरला डोंगर नवा नसतो. कसाऱ्याला उतरून कळसूबाईला पाच-सहा वेळा जाऊन आलेल्या माणसाला आपण ‘तयार’ आहोत असे वाटणे स्वाभाविक आहे. पण महाराष्ट्राचे हे सर्वोच्च शिखर १,६४६ मीटरचे. तिथे हवेचा दाब समुद्रसपाटीच्या सुमारे ८३ टक्के असतो आणि शरीराला त्याची फारशी दखल घ्यावी लागत नाही. वैद्यकशास्त्र ज्याला ‘अति उंची’ म्हणते ती साधारण अडीच हजार मीटरनंतर सुरू होते. म्हणजे अख्ख्या राज्यात उंचीचा सराव करता येईल अशी जागाच नाही. सह्याद्री दम वाढवतो, गुडघे घडवतो, निसरड्या वाटेवर पाऊल कसे टाकावे ते शिकवतो. विरळ हवेची सवय तो लावू शकत नाही.

हवेतले प्राणवायूचे प्रमाण अंधेरीत आणि लेहमध्ये सारखेच, सुमारे २१ टक्के असते. बदलतो तो दाब. लेह सुमारे ३,५०० मीटरवर, म्हणजे साडेअकरा हजार फुटांवर आहे. तिथे प्रत्येक श्वासात समुद्रसपाटीच्या तुलनेत जेमतेम दोन तृतीयांश प्राणवायू मिळतो. साडेपाच हजार मीटरवर तो निम्म्यावर येतो. शरीर यावर पहिला उपाय करते तो जोरजोरात श्वास घेण्याचा. पण त्यामुळे रक्तातला कार्बन डायऑक्साइड अधिक बाहेर पडतो, रक्ताची आम्लता घटते आणि मेंदू श्वासाला पुन्हा लगाम घालतो. रात्री झोपेत श्वास मध्येच थांबल्यासारखा होऊन माणूस दचकून जागा होतो, तो याच ओढाताणीमुळे. मूत्रपिंडे हळूहळू बायकार्बोनेट बाहेर टाकतात तेव्हा लगाम सैल होतो. या कामाला दिवस लागतात, तास नव्हे. रक्तातल्या तांबड्या पेशी खऱ्या अर्थाने वाढायला तर आठवडे जातात.

या प्रक्रियेला घाई चालत नाही, हे भारताला फार महाग पडून कळले. १९६२ च्या चीन युद्धाच्या काळात मैदानी प्रदेशातले हजारो जवान थेट हिमालयातल्या ठाण्यांवर पोचवले गेले. त्यांच्यात डोकेदुखी, उलट्या, फुप्फुसांत पाणी होणे, शुद्ध हरपणे असे प्रकार मोठ्या संख्येने दिसले. लष्करी डॉक्टर इंदर सिंग आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १,९२५ जवानांच्या निरीक्षणांवर आधारलेला लेख १९६९ मध्ये ‘न्यू इंग्लंड जर्नल ऑफ मेडिसिन’मध्ये लिहिला. उंचीवरच्या आजारांच्या अभ्यासात त्याचा आजही उल्लेख होतो. धडधाकट, कवायत केलेली ती तरुण मुले होती. व्यायामाने कमावलेले शरीर उंचीच्या आजारापासून वाचवत नाही, हे त्यावरून दिसले आणि पुढच्या अभ्यासांतूनही तेच आढळत गेले.

त्यानंतर लष्कराने जे वेळापत्रक बसवले ते सुट्टीच्या हिशेबाशेजारी ठेवून पाहण्यासारखे आहे. २,७०० ते ३,६०० मीटरच्या टप्प्यात सहा दिवस. त्यातले पहिले दोन निव्वळ विश्रांतीचे, पुढचे दोन सपाटीवर सावकाश चालण्याचे, शेवटच्या दोनमध्ये थोडी चढण. ४,५०० मीटरपर्यंत जायचे तर आणखी चार दिवस आणि त्यावर आणखी चार. एकूण चौदा. आता उपनगरातल्या नोकरदाराची रजा बघा. पाच दिवस मंजूर, दोन्हीकडचे शनिवार-रविवार जोडून नऊ. त्यातले दोन प्रवासात. रात्री मुंबईहून निघालेला माणूस दिल्लीमार्गे दुसऱ्या दिवशी सकाळी लेहला उतरतो आणि तिसऱ्या दिवशी खारदुंगलावर फोटो काढून घेतो. (तिथल्या पाटीवर वर्षानुवर्षे १८,३८० फूट उंची मिरवली जाई. प्रत्यक्षात ती सुमारे साडेसतरा हजार फूट आहे. अर्थात फुप्फुसांना तेवढीही पुरते.) लडाखमधले डॉक्टर आणि प्रशासन पहिले दोन दिवस लेहमध्येच आराम करा असे सांगत असतात. पण पॅकेजमध्ये त्यातला एक दिवस ‘स्थानिक स्थलदर्शन’ होऊन बसतो.

रस्त्याने गेले की आपोआप सवय होते, असाही एक समज आहे. तो अर्धाच खरा. श्रीनगर, द्रास, कारगिल या वाटेने जाणारा रोज थोडा थोडा वर चढतो आणि कारगिलला तर पुन्हा २,७०० मीटरच्या आसपास उतरून झोपतो. मनाली ते लेह या बाइकवाल्यांच्या लाडक्या वाटेचे तसे नाही. मनाली साधारण दोन हजार मीटरवर आणि वाटेतला सरचूचा तंबू सुमारे ४,३०० मीटरवर. एका दिवसात झोपायची जागा दोन हजार मीटरहून अधिक उंचावते. आंतरराष्ट्रीय वैद्यकीय सल्ला असा, की तीन हजार मीटरनंतर झोपण्याची उंची रोज पाचशे मीटरपेक्षा जास्त वाढवू नये आणि तीन-चार दिवसांनी एक पूर्ण दिवस थांबावे. दिवसा किती उंच गेलात यापेक्षा रात्री कुठे झोपलात, हे जास्त मोलाचे. ट्रेकची जाहिरात वाचताना दृश्यांची वर्णने सोडून प्रत्येक मुक्कामाची उंची कागदावर मांडून पाहिली, तर कुठला कार्यक्रम शरीराचा विचार करून आखला आहे आणि कुठला रजेचा, ते पाच मिनिटांत कळते. कसोलच्या पायथ्याशी दोन-तीन दिवस ठेवून, आसपासच्या टेकड्यांवर फिरवून मग सर पासकडे नेणारी जुनी पद्धत अनेकांना कंटाळवाणी वाटते. कंटाळवाणी असली, तरी ते दिवस उंचीशी जुळवून घेण्याचेच असतात.

कुणाला बस लागते, कुणाला लागत नाही, तशीच उंचीही लागते. आधी सांगता येत नाही. वेगाने साडेतीन हजार मीटरवर पोचणाऱ्यांपैकी साधारण पाव ते निम्म्या लोकांना डोकेदुखी, मळमळ, भूक मरणे, गळून जाणे यांपैकी काही ना काही होते. बहुतेकांचे हे एक-दोन दिवसांत, वर न जाता थांबले तर, ओसरते. धोक्याची दोन रूपे वेगळी आहेत. एकात फुप्फुसांत पाणी साचते. बसल्या जागी धाप लागते, कोरडा खोकला येतो, पुढे गुलाबी फेस पडतो, आणि हे बहुधा उंचीवरच्या दुसऱ्या ते चौथ्या दिवसात सुरू होते. दुसऱ्यात मेंदूला सूज येते. माणूस तोल जाऊन चालतो, असंबद्ध बोलतो, विनाकारण चिडतो. टाचेला बोटे लावत सरळ रेषेत दहा पावले टाकायला सांगणे ही त्याची साधी परीक्षा. ती जमली नाही तर सकाळची वाट पाहायची नसते. प्राणवायू आणि औषधे वेळ मिळवून देतात. खरा उपचार खाली उतरणे हाच आहे, आणि निदान पाचशे ते हजार मीटर तरी उतरावे लागते.

कोविडने घरोघरी आणलेला ऑक्सिमीटर आता सॅकमध्ये जातो. ९४ च्या खाली आकडा गेला की घाबरायचे, हे त्या काळाने मनावर कोरले आहे. लेहला पहिल्या दिवशी निरोगी माणसाचाही आकडा ८५ ते ९० दरम्यान असू शकतो. गारठलेल्या बोटावर तो आणखी चुकीचा येतो. उलट आकडा बरा आहे म्हणून डोकेदुखी अंगावर काढणारेही असतात. सोबत्यांपेक्षा एखाद्याचा आकडा बराच खाली असेल आणि त्याला त्रासही होत असेल, तर त्याला अर्थ आहे. एरवी यंत्रापेक्षा माणसाकडे बघितलेले बरे.

सॅकमधल्या इतर वस्तूंचेही असेच. कापराची पुडी हुंगली की नाकाला गार वाटते आणि श्वास मोकळा झाल्याचा भास होतो. रक्तातला प्राणवायू त्याने वाढत नाही. मराठी यात्रेकरूंत लोकप्रिय असलेल्या ‘कोका ३०’ या होमिओपॅथिक गोळ्यांचा उपयोग होतो, असे दाखवणारा भरवशाचा पुरावा नाही. प्राणवायूचा छोटा डबा काही मिनिटांत संपतो. अभ्यासांत टिकलेले औषध म्हणजे अ‍ॅसिटाझोलामाइड, ट्रेकरांच्या भाषेत डायमॉक्स. ते मूत्रपिंडांच्या त्याच संथ कामाला वेग देते. प्रौढांसाठी नेहमीची प्रतिबंधक मात्रा १२५ मिलिग्रॅम, दिवसातून दोनदा, चढाईच्या आदल्या दिवसापासून. बोटांना मुंग्या येतात, लघवीला वारंवार जावे लागते. सल्फा औषधांची अ‍ॅलर्जी असलेल्यांनी आणि मूत्रपिंडाचा विकार असलेल्यांनी ते डॉक्टरांना विचारल्याशिवाय घेऊ नये. दारू आणि झोपेच्या गोळ्या पहिल्या रात्री तरी नकोतच, कारण त्या श्वास आणखी मंदावतात.

मग उपनगरातला सराव व्यर्थ का? मुळीच नाही. उंचीवर शरीराची कमाल क्षमताच घटते. चार हजार मीटरच्या पुढे ती साधारण पाव हिस्स्याने कमी झालेली असते. ज्याची मुळात जास्त, त्याच्याकडे उरतेही जास्त, आणि दमलेला माणूसच घसरतो, भिजतो, गारठतो. जून २०२४ मध्ये उत्तराखंडातल्या सहस्रताल मार्गावर २२ जणांचा गट खराब हवामानात सापडला आणि नऊ जण दगावले. बर्फ आणि वाऱ्याने तिथे घात केला. अशा वेळी अंगात उरलेले बळ आणि सॅकमधला कोरडा लोकरी थर दोन्ही लागतात. मुंबईत वापरतो ते सुती कपडे एकदा भिजले की अंगाची ऊब ओढून घेतात.

जिना हे उपनगराने फुकट दिलेले साधन आहे. वीस मजल्यांच्या इमारतीचा जिना म्हणजे सुमारे साठ मीटर. अंधेरीची गिल्बर्ट टेकडी जवळपास तेवढीच. पाठीवर सात-आठ किलो घेऊन तो दहा वेळा चढला की हिमालयातल्या एका मध्यम दिवसाची चढण होते. उतरताना मात्र लिफ्ट घेऊ नये, कारण मांड्या आणि गुडघे बोलू लागतात ते उतारावरच. हे आठ ते बारा आठवडे आधी सुरू करावे. शेवटच्या पंधरवड्यात केलेली धावपळ दुखापतच देते.

त्याच काळात एक रक्ततपासणीही व्हावी. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणाच्या पाचव्या फेरीनुसार महाराष्ट्रातल्या १५ ते ४९ वयाच्या निम्म्याहून अधिक स्त्रियांना रक्तक्षय आहे. हिमोग्लोबिन कमी असेल तर विरळ हवेतला तुटपुंजा प्राणवायू वाहून न्यायला वाहनेच कमी, आणि ते वाढायला दोन-तीन महिने लागतात. रक्तदाब, मधुमेह, हृदयविकार, दमा असलेल्यांनी औषधांसह सल्ला घ्यावा. इन्सुलिन थंडीत गोठते आणि एकदा गोठले की निकामी होते. सिकलसेलचा वारसा असलेल्यांनी तर हे आवर्जून सांगावे, कारण उंचीवर त्यांच्या प्लीहेला इजा होऊ शकते.

इथे व्यवस्थेचा प्रश्न येतो. ट्रेकसाठी ‘फिट’ असल्याचे प्रमाणपत्र लागते आणि ते कोपऱ्यावरच्या दवाखान्यात नाडी व रक्तदाब पाहून मिळते. समुद्रसपाटीवर काढलेले असे प्रमाणपत्र उंचीबद्दल फारसे काही सांगत नाही. २०२५ मध्ये पुन्हा सुरू झालेल्या कैलास-मानसरोवर यात्रेत परराष्ट्र मंत्रालयाची पद्धत अधिक शहाणपणाची आहे. दिल्लीत तपासणी होतेच, पण लिपुलेखच्या मार्गावर गुंजीला, तीन हजार मीटरच्या वर, पुन्हा तपासतात आणि तिथून परतही पाठवतात. महाराष्ट्राने २०२१ मध्ये साहसी पर्यटन धोरण आणले, पण ते राज्यातल्या उपक्रमांसाठी. मुंबईत पैसे भरून हिमाचलात जाणाऱ्याला गुंजीसारखा थांबा कुणी आखून देत नाही. तो आयोजकाने ठेवला तरच असतो. पैसे भरण्यापूर्वी विचारावे, की मध्येच परतावे लागले तर सोबत कोण उतरणार आणि पैशांचे काय? पैसे बुडतील या भीतीने आणि गटात हसे होईल म्हणून डोकेदुखीची गोळी घेऊन गप्प बसणारे बरेच असतात. आजारी माणसाला एकटे खाली धाडता येत नाही. घाटकोपरच्या एका सोसायटीतले चौघे मित्र निघाले असतील, तर एकाला उतरावे लागले की दुसऱ्याचाही ट्रेक तिथे संपणार. तो दुसरा कोण, हे चौघांनी गाडीत बसण्यापूर्वीच ठरवलेले बरे.