जसंच्या तसं

मी गेलेल्या गेल्या तीन अनुवाद कार्यशाळांपैकी दोनांत ‘सिन सिटी’ निघाला. पडद्यावर डावीकडे फ्रँक मिलरच्या चित्रकादंबरीतली चौकट, उजवीकडे रॉबर्ट रॉड्रिगेझच्या २००५च्या चित्रपटातली तीच चौकट. तोच कोन, तीच सावली, कोटाचा तोच घोळ. मुळाशी इमान म्हणतात ते हे, असं वक्ता म्हणाला आणि सभागृहाने माना डोलावल्या. मी डोलावली नाही, तर शेजारच्या बाईंनी माझ्याकडे चोरी करताना सापडल्यासारखं पाहिलं.

आधी देणं मान्य करते. मिलरला सहदिग्दर्शकाचं श्रेय मिळावं म्हणून रॉड्रिगेझने हट्ट धरला आणि अमेरिकी दिग्दर्शकांच्या संघटनेचे नियम आड आले तेव्हा सरळ संघटना सोडली. अनुवादकाचं नाव मुखपृष्ठावर यावं म्हणून आपल्याकडे कुणा लेखकाने एवढं केल्याचं मी तरी पाहिलेलं नाही. मात्र हे रूपांतर नव्हे, भाषांतर आहे, असंही रॉड्रिगेझ सांगत असे. माझं भांडण तिथे सुरू होतं.

मराठीतली ‘शिक्षा’ हिंदीत जशीच्या तशी उचलून ठेवा. लिपी तीच, अक्षरं तीच, एक कानामात्रा हललेला नाही. पण मराठी मुलाला झालेली शिक्षा हिंदीत त्याला मिळालेलं शिक्षण होऊन बसते. ‘चेष्टा’ इकडे टिंगल, तिकडे प्रयत्न. काहीच न बदलता सगळं बदलायचा याहून सोपा मार्ग नाही, आणि ‘सिन सिटी’ दोन तास तेच करतो.

मिलरच्या पानावर मार्व्ह पावसात असतो, म्हणजे काळ्या शाईत पांढऱ्या रेघांचे फटकारे असतात. चेहऱ्याचा बराच भाग शाईत बुडालेला. तो माझा डोळा भरून काढतो. दोन चौकटींमधल्या कोऱ्या पट्टीत काय घडलं हेही मीच ठरवते. पानावर किती वेळ थांबायचं, तेही. चित्रपटात मिकी रोर्कच्या चेहऱ्यावर मेकअपचे थर चढवून तोच जबडा उभा केलाय, पण पुस्तकात जवळजवळ नसलेला करडा रंग कातडीबरोबर आलाच. आणि ती बढाईखोर स्वगतं! पानावर ती मी चित्र पाहून झाल्यावर वाचते, कधी गाळतेही. पडद्यावर त्याच ओळी समोर दिसणाऱ्या गोष्टीचं धावतं समालोचन होतात.

हा नुसता तांत्रिक वाद असता तर मी लिहिलं नसतं. शाईच्या माणसावर गाडी आदळते आणि तो उठतो, तेव्हा ती रेघेची मस्ती असते. हाडामांसाच्या माणसावर ती पुन्हा पुन्हा आदळते आणि तो उठतच राहतो, तेव्हा दुखणं नावाची गोष्टच हद्दपार झालेली असते. पानावरचं पांढरं रक्त म्हणजे शाई न लागलेला कागद. पडद्यावर तेच रक्त चुन्यासारखं दिसतं, आणि आपण मजेत पॉपकॉर्न खातो.

शिवाय इमान तरी कुठे पुरतं आहे? पुस्तकातली नॅन्सी उघड्या अंगाने नाचते, चित्रपटात जेसिका अल्बा कपडे घालून नाचली. जित्याजागत्या बाईला नाही म्हणता येतं, शाईतल्या बाईला येत नाही. चित्रपटातला तेवढाच भाग मला भाषांतर वाटतो. कार्यशाळेत मात्र ती चौकट दाखवत नाहीत.

‘अ‍ॅटॉमिक ब्लाँड’ही (२०१७) दाखवत नाहीत. अँटनी जॉन्स्टन आणि सॅम हार्ट यांचं ‘द कोल्डेस्ट सिटी’ हे काळंपांढरं, बोलघेवडं, हेरांचं पुस्तक. त्यात मारामारी नावालाच. डेव्हिड लीचने त्यावरून निऑन दिव्यांनी झगमगणारं १९८९चं बर्लिन केलं, गाणी ओतली, फ्रेंच हेराची बाई करून टाकली. सिनेमा म्हणून तो काही फार थोर नाही. कोण कुणाला फसवतंय याचा गुंता शेवटी मलाच सोडून द्यावासा वाटला. पण सुरुवातीला शार्लीझ थेरॉन काळंनिळं अंग घेऊन बर्फाच्या टबात बसलेली असते. पुस्तकातला थंडपणा कुठे गेला असं विचारणाऱ्यांनी तो टब पाहावा. पुढे जिन्यावरची ती लांबलचक हाणामारी, एका दमात घेतल्यासारखी, जोड लपवलेली. तीत ती दमते. भिंतीला टेकते, धडपडते, ठोसा मारायला हात उचलत नाही. शीतयुद्धाच्या शेवटी थकलेली माणसं पुस्तकात संवादांतून कळतात; इथे ती धापेतून कळतात.

माझ्या एका मराठी कथेच्या हिंदी अनुवादाची फाईल नुकतीच परत आली आहे. समासात शेरा: ‘मुळात इथे पूर्णविराम आहे.’ आहेच. जिना चढणारी म्हातारी मराठीत दोन तुटक वाक्यांत दमलेली वाटते. हिंदीत तीच वाक्यं हुकूम सोडल्यासारखी ऐकू येत होती, म्हणून मी ती जोडून लांबवली. पूर्णविराम अजून परत टाकलेला नाही. संपादकांचा फोन यायचा आहे.