आशा आहे, पण घाई नको

शिंकताना, हसताना किंवा पाण्याची घागर उचलताना लघवी निसटणे हा बाईच्या वयाचा भोग नव्हे. तो आजार आहे आणि त्यावर उपाय आहे. पण लाजेपोटी स्त्रिया वर्षानुवर्षे गप्प राहतात, आणि या गप्पपणावरच ‘स्टेम सेल’च्या जाहिराती पोसल्या जातात.

कल्पना चांगली आहे. रुग्णाच्याच मांडीतून स्नायूचा लहानसा तुकडा घ्यायचा, त्यातील पेशी प्रयोगशाळेत वाढवायच्या आणि मूत्रमार्ग आवळणाऱ्या स्नायूत टोचायच्या. २००८ मध्ये टोरांटोच्या डॉक्टरांनी आठ महिलांवरील अनुभव मांडला. पाच जणींना फरक पडला. त्याच वर्षी ‘लॅन्सेट’ने मात्र ऑस्ट्रियातील इन्सब्रुकचा गाजलेला शोधनिबंध मागे घेतला. २०१८ च्या एका चाचणीत तर पेशींविना नुसता द्रव टोचलेल्या सुमारे ९० टक्के महिलाही सुधारणेच्या निकषात बसल्या. मग पेशींचा गुण कसा ठरवायचा?

भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेच्या २०१७ च्या मार्गदर्शक तत्त्वांनुसार अशा पेशी मान्यताप्राप्त चाचणीतच वापरता येतात, आणि तिथे रुग्णाकडून पैसे घेता येत नाहीत. कोणी पैसे मागत असेल, तर उठून यावे.

लघवी रोखताना आवळतो ते स्नायू दिवसातून तीनदा, दर वेळी आठदा, निदान तीन महिने आवळावेत. बऱ्याच जणींना एवढ्यानेच आराम पडतो. न पडल्यास शस्त्रक्रिया आहे. हा व्यायाम प्रत्येक सरकारी दवाखान्यात बाळंतिणीला शिकवलाच पाहिजे. त्याला प्रयोगशाळा लागत नाही.