एका उन्हाळ्यात किती घाट?

२१ जुलै २०२४ रोजी फ्रान्समधल्या नीस शहरात तादेय पोगाचार या पंचवीस वर्षांच्या स्लोव्हेनियन सायकलपटूने टूर द फ्रान्स जिंकली. बरोबर आठ आठवड्यांपूर्वी, २६ मे रोजी, रोममध्ये त्यानेच इटलीची जिरो दितालिया जिंकली होती. एकाच वर्षात या दोन्ही शर्यती जिंकण्याचा पराक्रम त्याआधी १९९८ मध्ये मार्को पान्तानी या इटालियनाने केला होता. मधली सव्वीस वर्षे अनेकांनी प्रयत्न केले आणि ते सारे फसले. इतके, की आता हे होणे नाही, असे बहुतेक जाणकारांनी मनोमन ठरवूनच टाकले होते. पोगाचारने त्यांना खोटे पाडले. पण त्याच वर्षी ऑगस्टमध्ये स्पेनची व्हुएल्टा सुरू झाली तेव्हा हा गडी तिथे नव्हता. पॅरिसच्या ऑलिंपिकमधूनही त्याने थकव्याचे कारण देऊन अंग काढून घेतले. दोन जमल्या, मग तिसरी का नाही?

युरोपातल्या या तीन मोठ्या शर्यतींना मिळून ग्रँड टूर म्हणतात आणि तिन्हींचा जन्म वर्तमानपत्रांच्या कचेऱ्यांत झाला आहे. ‘लोटो’ या पॅरिसच्या दैनिकाने खप वाढवण्यासाठी १९०३ मध्ये टूर द फ्रान्स सुरू केली. मिलानच्या ‘गाझेत्ता देल्लो स्पोर्त’ने १९०९ मध्ये जिरो, आणि ‘इन्फोर्मासिओनेस’ या माद्रिदच्या पत्राने १९३५ मध्ये व्हुएल्टा. लोटोचा कागद पिवळा म्हणून टूरमधल्या आघाडीवीराची जर्सी पिवळी, गाझेत्ताचा कागद गुलाबी म्हणून जिरोची गुलाबी. थोडक्यात, सायकलपटूंची हाडे झिजू लागली ती संपादकांच्या आणि वितरण व्यवस्थापकांच्या डोक्यातून. आम्हा पत्रकारांनी हे पाप (की पुण्य?) मान्य करायला हरकत नाही.

शर्यतीचा हिशेब सोपा आहे. तीन आठवडे, एकवीस टप्पे, मध्ये दोन-तीन विश्रांतीचे दिवस. रोजच्या वेळांची बेरीज करायची आणि ज्याची बेरीज सर्वांत कमी तो विजेता. एकूण अंतर साधारण ३४०० किलोमीटर. आपली जुनी मुंबई-पुणे सायकल शर्यत ज्यांनी बोरघाटात उभे राहून पाहिली असेल, त्यांना त्या चढावर माणसांचे चेहरे कसे होतात ते ठाऊक आहे. तेवढे अंतर आणि त्याहून कितीतरी अधिक चढ, असे एकवीस दिवस कल्पावेत. अलीकडच्या टूरमध्ये सगळ्या चढांची बेरीज पन्नास हजार मीटरच्या पुढे जाते. म्हणजे समुद्रसपाटीपासून कळसूबाईचे शिखर तीस वेळा गाठण्यासारखे. तेही सायकलवर आणि मागे कोणीतरी लागलेले असताना.

शरीराचे काय होते? निवांत पडून राहिलेल्या माणसाला दिवसभरात जेवढी ऊर्जा लागते त्याच्या चौपट-पाचपट ऊर्जा हे लोक रोज जाळतात. तेवढे अन्न पोटात घालणे आणि ते पचवणे हीच एक स्वतंत्र शर्यत असते. तिसऱ्या आठवड्यात पायांआधी पोट संपावर गेल्याने बुडालेले सायकलपटू कमी नाहीत. झोप उडते, साधी सर्दी छातीत उतरते. अशा शर्यतीनंतर शरीर पूर्ववत व्हायला काही आठवडे हवेत, आणि पुन्हा कळसाला पोचायला आणखी काही. जिरो संपल्यापासून टूर सुरू होईपर्यंत मिळतात साधारण पाच आठवडे. टूर संपल्यापासून व्हुएल्टापर्यंत जेमतेम चार.

इथे एक गोष्ट स्पष्ट करायला हवी. तिन्ही शर्यती एका वर्षात पुऱ्या करणे अशक्य नाही. ऑस्ट्रेलियाच्या अॅडम हॅन्सनने तर २०११ ते २०१८ या काळात लागोपाठ वीस ग्रँड टूर पूर्ण केल्या. पण तो जिंकायला उतरत नसे. सहकाऱ्यांसाठी राबणे, एखाद्या टप्प्यावर हात मारणे आणि उरलेले दिवस वेळ गमावत सुखरूप पोचणे, हे त्याचे काम. विजेतेपदासाठी लढणाऱ्याला अशी एक संध्याकाळही मिळत नाही. एका वाईट दिवसात तीन आठवडे वाया जातात. म्हणून प्रश्न पायांत किती बळ आहे एवढाच नाही. वर्षातून दोनदा किंवा तीनदा, नेमक्या ठरलेल्या तारखांना, माणूस आपल्या सर्वोत्तम अवस्थेत असू शकतो का, हा आहे.

जुन्या काळी असत, असे इतिहास सांगतो. फाउस्टो कॉप्पीने १९४९ मध्ये जिरो आणि टूर पहिल्यांदा एका वर्षात जिंकल्या आणि १९५२ मध्ये तेच पुन्हा केले. जाक आंकेतीलने १९६४ मध्ये, एडी मर्क्सने तर तीनदा (१९७०, १९७२, १९७४), बर्नार इनोने दोनदा (१९८२, १९८५), आयर्लंडच्या स्टीफन रोशने १९८७ मध्ये, स्पेनच्या मिगेल इंदुराईनने १९९२ आणि १९९३ असे लागोपाठ. पान्तानी आणि पोगाचार धरून आठ माणसे, तेरा वेळा. यादी वाचून वाटते, पूर्वीचे लोक लोखंडाचे होते. ते होतेच, पण एक गोष्ट या कौतुकात निसटते. कॉप्पी १९४९ ची टूर खेळायला आला तेव्हा त्याच्यामागे दुसरा आलेला जिनो बार्ताली हा जिरोतही त्याच्यामागेच दुसरा होता. म्हणजे एक थकलेला माणूस दुसऱ्या थकलेल्या माणसाशी झुंजत होता. मर्क्सच्या काळातही मोठे सायकलपटू फेब्रुवारीपासून ऑक्टोबरपर्यंत मिळेल ती शर्यत धावत. त्यांचे पोट त्यावरच होते. सगळेच दमलेले असले की दमणे हा तोटा राहत नाही.

हे चित्र बदलले ते नव्वदच्या दशकात आणि त्यानंतर. संघांनी हिशेब मांडला, की जगभर दूरचित्रवाणीवर दिसते ती टूर. प्रायोजकाचे नाव घरोघरी पोचते ते जुलैत. मग मे महिन्यात इटलीत घाम कशाला गाळायचा? बडे खेळाडू वर्षाची सगळी तयारी एका जुलैसाठी करू लागले. परिणाम असा, की जिरो जिंकून टूरला येणाऱ्यासमोर आता ताजेतवाने, उंच पर्वतांवर सराव करून आलेले प्रतिस्पर्धी उभे असतात. आल्बेर्तो कोन्तादोरने २०१५ मध्ये जिरो जिंकली आणि टूरमध्ये तो पाचवा आला. नायरो किंताना २०१७ मध्ये जिरोत दुसरा आणि टूरमध्ये बारावा. दोघेही आपापल्या काळातले अव्वल घाटवीर. जुलैत मात्र त्यांच्या पायांनी दगा दिला.

२०१८ चे वर्ष या बाबतीत बोलके आहे. त्या वर्षी फुटबॉलच्या विश्वचषकामुळे टूर एक आठवडा पुढे ढकलली गेली आणि मधली विश्रांती पाचऐवजी जवळजवळ सहा आठवड्यांची झाली. त्या जिरोत ख्रिस फ्रूम पहिला आणि नेदरलँड्सचा टॉम ड्युमुलिन दुसरा आला होता. टूरमध्ये ड्युमुलिन पुन्हा दुसरा आणि फ्रूम तिसरा. जिंकले नाहीत, पण कोसळलेही नाहीत. एका आठवड्याने एवढा फरक पडत असेल तर दोष फक्त माणसाच्या हाडामांसाचा नाही, पंचांगाचाही आहे, असे मानायला जागा आहे. अर्थात एका वर्षावरून सिद्धांत मांडू नये. पण तारखा ठरवणाऱ्यांनी ते वर्ष विसरूही नये.

मग पोगाचारला साधारण पाचच आठवड्यांत कसे जमले? एक तर तो असामान्य आहे. जिरो त्याने जवळपास दहा मिनिटांच्या फरकाने जिंकली, म्हणजे शेवटच्या आठवड्यात त्याला सर्वस्व पणाला लावावेच लागले नाही. दमला असेल, पण पिळून निघाला नाही. दुसरे असे, की त्याचा खरा प्रतिस्पर्धी, डेन्मार्कचा योनास विंगेगार्ड, एप्रिलमध्ये स्पेनच्या बास्क प्रांतातल्या शर्यतीत भयंकर पडला होता. गळ्याचे हाड आणि बरगड्या मोडल्या, फुप्फुसाला इजा झाली. अशा अवस्थेतून उठून तो टूरला आला आणि तरीही दुसरा आला. तो धडधाकट असता तर काय झाले असते, याचे उत्तर कोणी देऊ शकत नाही. पोगाचारचे श्रेय त्यामुळे कमी होत नाही. पण ‘आता दर वर्षी हे होणार’ असा निष्कर्षही निघत नाही. पुढच्याच वर्षी, २०२५ मध्ये, त्याने जिरो सोडून दिली आणि फक्त टूर जिंकली.

आता नको असलेल्या विषयाकडे वळावेच लागते. २०२४ च्या टूरमध्ये पिरेनीज पर्वतातल्या प्लातो द बेय या चढावर पोगाचारने पान्तानीचा १९९८ चा वेळ तब्बल साडेतीन मिनिटांनी मोडला. पान्तानीचा १९९८ चा पराक्रम कोणत्या काळातला, हे सर्वांना माहीत आहे. त्याच टूरच्या तोंडावर फेस्टिना संघाची औषधांनी भरलेली मोटार सीमेवर पकडली गेली होती आणि अर्धी शर्यत पोलिसांच्या छाप्यांत गेली. पुढच्या वर्षी जिरो संपायला दोन दिवस उरले असताना, आघाडीवर असलेल्या पान्तानीला रक्तचाचणीनंतर शर्यतीबाहेर काढले गेले. २००४ मध्ये रिमिनीच्या एका हॉटेलात, चौतिसाव्या वर्षी, तो मरण पावला. १९९८ च्या टूरमधल्या जपून ठेवलेल्या नमुन्यांची नंतर तपासणी झाली, तेव्हा त्याच्या नमुन्यात ईपीओ हे उत्तेजक सापडल्याचे फ्रेंच सिनेटच्या २०१३ मधल्या अहवालाने जाहीर केले.

अशा माणसाहून कोणी साडेतीन मिनिटे वेगवान असेल तर भुवया उंचावणारच. पोगाचारच्या कोणत्याही चाचणीत २०२५ अखेरपर्यंत काहीही सापडलेले नाही, आणि पुराव्यावाचून माणसाला चोर म्हणणे हा अन्याय आहे. शिवाय त्या दिवशी विंगेगार्डनेही पान्तानीचा वेळ मोडला होता. वेगाची साधी कारणेही आहेत. सायकली हलक्या झाल्या, टायर सुधारले. पूर्वी सायकलपटू तासाला साठेक ग्रॅम कर्बोदके घेत, आता शंभर ते एकशेवीस ग्रॅम पचवण्याचा सराव पोटाला दिला जातो. मघाशी म्हटले ते पोटाचे भांडण इथे बरेचसे मिटले आहे, आणि दुसऱ्या दिवशी ताजे उठण्याचे रहस्य त्यात मोठ्या प्रमाणावर असावे. तरीही शंका पूर्ण मावळत नाही. हा भार या पिढीच्या माथी मागच्या पिढीने ठेवला आहे. प्रेक्षकाला कौतुकाने टाळी वाजवताना हात किंचित आखडावा लागतो, हे या खेळाचे सर्वांत मोठे नुकसान.

तिन्ही शर्यतींबद्दल बोलायचे तर पुरुषांत एका वर्षात तिन्ही जिंकणारा आजवर झालेला नाही. तिन्हींत पहिल्या दहांत येणारेही दोघेच. फ्रान्सचा राफाएल जेमिनियानी (१९५५ : व्हुएल्टात तिसरा, जिरोत चौथा, टूरमध्ये सहावा) आणि इटलीचा गास्तोने नेन्चिनी (१९५७ : जिरोत पहिला, टूरमध्ये सहावा, व्हुएल्टात नववा). तेव्हा व्हुएल्टा वसंतात होत असे आणि जेमतेम दोन-अडीच आठवड्यांची होती. १९९५ पासून ती हंगामाच्या शेवटी गेली. तेव्हापासून टूर जिंकून त्याच वर्षी व्हुएल्टाही जिंकणारा एकच, २०१७ चा फ्रूम. पुढच्या मे महिन्यात त्याने जिरोही जिंकली आणि तिन्ही किताब काही काळ एकाच माणसाकडे होते. पण ते दोन हंगामांत मिळून.

बायकांनी मात्र हे करून दाखवले आहे. नेदरलँड्सच्या आनेमिक व्हान फ्लॉयटनने २०२२ मध्ये स्त्रियांच्या इटली, फ्रान्स आणि स्पेन या तिन्ही शर्यती जिंकल्या, आणि वर ऑस्ट्रेलियात कोपराचे हाड मोडलेले असताना जागतिक विजेतेपदही. तेव्हा ती एकोणचाळीस वर्षांची होती. त्या वर्षी स्त्रियांच्या तिन्ही शर्यती मिळून जेमतेम तेवीस दिवसांच्या होत्या, म्हणजे पुरुषांच्या एका शर्यतीएवढ्या, हे खरे. म्हणून तिचे यश हलके ठरवण्याऐवजी उलटा प्रश्न विचारावा असे मला वाटते : पुरुषांच्या शर्यतीच थोड्या आखूड केल्या तर? दोन आठवड्यांची जिरो आणि दोन आठवड्यांची व्हुएल्टा झाली तर अव्वल खेळाडू तिन्हीकडे दिसतील. परंतु तीन आठवडे म्हणजे तीन आठवड्यांच्या जाहिराती, आणि टप्प्याच्या मुक्कामासाठी पैसे मोजणारी गावे. टूर आणि व्हुएल्टा या दोन्हींची मालकी आज एकाच फ्रेंच कंपनीकडे आहे; आपला सोन्याचा महिना झाकोळेल असे काही ती करील, अशी आशा धरण्यात अर्थ नाही.

तोवर संघांनी आपला तोडगा काढला आहे : एकाने तिन्ही जिंकण्याऐवजी तिघांनी एकेक. २०२३ मध्ये युम्बो-व्हिस्मा संघाच्या प्रिमोझ रोग्लिचने जिरो, विंगेगार्डने टूर आणि अमेरिकेच्या सेप कसने व्हुएल्टा जिंकली. तिन्ही एका वर्षात जिंकणारा तो पहिला संघ. यात गंमत कसची आहे. त्या वर्षी जिरोत रोग्लिचसाठी आणि टूरमध्ये विंगेगार्डसाठी घाट ओढणारा हमाल तोच होता. तिथे अनुक्रमे चौदावा आणि बारावा येऊनही तिसऱ्या शर्यतीत त्याच्या पायांत जिंकण्याइतके बळ शिल्लक होते. आधीच्या दोन्ही शर्यतींत काम आटोपले की त्याला सावकाश वर येण्याची मुभा होती. व्हुएल्टात तो लाल जर्सी घालून माद्रिदला पोचला, तेव्हा रोग्लिच आणि विंगेगार्ड या आपल्या दोन्ही मालकांना त्याने मागे टाकले होते.