घरचा लेथ

निवृत्त टर्नर घरामागच्या पत्र्याच्या शेडमध्ये लेथ बसवायचं म्हणतो, तेव्हा आधी अडतं ते विजेवर. घरात सिंगल फेज, २३० व्होल्ट. कारखान्यातल्या जुन्या लेथची मोटर मागते थ्री फेज, ४१५. म्हणजे मोटर बदलणं आलं. राजकोटचा किंवा बटाल्याचा जुना लेथ घेताना ताज्या रंगाला भुलू नये. चकजवळचा बेड हाताने चाचपावा, झीज तिथेच जास्त, कारण बहुतेक काम तिथेच होतं. सगळे पैसे मशीनवर उधळणं हा शुद्ध वेडेपणा. टूलबिट, ड्रिल, बेंच ग्राइंडर, ०.०१ मिलिमीटर मोजणारा मायक्रोमीटर यांचं बिल मागाहून येतं (आणि घरच्यांना तेच आधी दिसतं!). आणि लेथवर हातमोजे घालू नका. फिरता जॉब मोज्यासकट हात ओढून घेतो.