यादी वाचली तेव्हा बायका फडात होत्या

गेल्या उन्हाळ्यात अंबड तालुक्यातल्या एका वस्तीवर बायकांची बैठक होती. विषय रेशनचा होता, पण बोलता बोलता घरकुलावर गाडी आली आणि मागे बसलेली एक बाई एकदम उसळून म्हणाली, "ताई, यादी वाचली म्हणतेत. कव्हा वाचली? आम्ही तर फडात होतो." ग्रामसभेच्या वहीत तारीख होती 26 जानेवारी. त्या दिवशी वस्तीतल्या निम्म्या दारांना कुलपं होती. मागे राहिली होती ती म्हातारी माणसं आणि त्यांच्या गळ्यात टाकलेली शाळेची पोरं. तरी वहीत लिहिलेलं होतं: "सर्वानुमते मंजूर."

मैत्रिणींनो, हे सर्वानुमत कुणाचं?

अंबड, घनसावंगी, परतूर, मंठा या तालुक्यांतली हजारो जोडपी दसऱ्यानंतर ऊसतोडीला जातात आणि कारखान्याचा पट्टा पडल्यावरच परततात. नवरा-बायको मिळून एक कोयता. उचल दोघांच्या अंगावर, पण मुकादमाशी बोलणी नवऱ्याची. वर्षातले पाच-सहा महिने पाचटाच्या खोपीत काढणाऱ्या या बाईइतकी पक्क्या घराची निकड कुणाला असेल? पण घराचा निर्णय तिच्या माघारी होतो. प्रधानमंत्री आवास योजनेत प्राधान्य ठरवणं, अपात्र नावं वगळणं हे ग्रामसभेचं काम आहे. म्हणजे नाव कापलं जातं तेही ग्रामसभेच्याच नावानं, आणि ज्याचं नाव कापायचं तो कोल्हापूरला नाहीतर कर्नाटकात मोळ्या बांधत असतो.

कायदा आपल्याकडे नाही असं नाही. महाराष्ट्रात प्रत्येक ग्रामसभेआधी महिलांची वेगळी सभा घेणं ग्रामपंचायत कायद्यानं बंधनकारक आहे. प्रत्यक्षात काय होतं ते तुम्हीआम्ही जाणतो. रजिस्टर घरोघर फिरतं, बायका अंगठे उठवतात, "कशाची सही हो?" असं विचारलं तर "मीटिंगची" असं उत्तर मिळतं. आणि यात आपलाही दोष आहे. बचत गटांच्या वह्या तपासण्यात आपण वर्षं घालवली, घरकुलाचा विषय मात्र सरपंच, ग्रामसेवक आणि दलाल यांच्यावर सोडून दिला. घर म्हणजे योजना, योजना म्हणजे पुरुषांचं काम, हे आपणही कुठेतरी मान्य केलं होतं.

घर पत्नीच्या किंवा दोघांच्या नावावर मंजूर करा, असं योजना सांगते. चांगलंच आहे. पण नुसत्या नावानं बाईचं घर होत नाही. नवऱ्यानं टाकलेली बाई पाहा. कागदावर ती घटस्फोटित नाही, विधवा नाही. रेशन कार्डावर भावाच्या कुटुंबात, आणि भावाचं घर पक्कं. झाली अपात्र! तिला वेगळं कुटुंब धरायला कुणी तयार नाही, कारण वेगळं धरलं की भावजयीपासून तलाठ्यापर्यंत सगळ्यांना तिच्या वाट्याचा विचार करावा लागतो.

दुसरा अडसर जागेचा. जागा दाखवल्याशिवाय घरकुल नाही, आणि भूमिहीनांनी जागा आणायची कुठून? जागा घ्यायला राज्याची अर्थसाहाय्य योजना आहे. पण गावठाणालगतचा तुकडा दलित बाईला, पारधी बाईला विकणार कोण? म्हणून लोक पिढ्यान्‌पिढ्या गायरानावर राहतात. 2022 साली उच्च न्यायालयात गायरानावरच्या अतिक्रमणांचा प्रश्न आला आणि गावोगाव नोटिसा गेल्या, तेव्हा ज्यांच्या डोक्यावर जेमतेम पत्रे होते त्यांच्याच पोटात गोळा आला.

पैशाचं तर विचारूच नका. सपाटीवरच्या घराला 2016 साली 1 लाख 20 हजार ठरले. राज्यानं 2025 मध्ये वर 50 हजार जाहीर केले, तेही सगळे बांधकामासाठी नाहीत. जोत्याचा फोटो काढल्याशिवाय पुढचा हप्ता नाही. मग अर्धवट भिंती पुऱ्या करायला बाई पुन्हा उचल घेते आणि घरासाठीच घरापासून सहा महिने लांब जाते.

"बायकांना बांधकामातलं काय कळतं?" असं एका बैठकीत मला विचारलं गेलं. उत्तर आपल्याच मराठवाड्यात आहे. 30 सप्टेंबर 1993 च्या किल्लारीच्या भूकंपानंतर 52 गावं नव्या जागी वसवली. घराचं माप ठरलं जमिनीवरून: भूमिहीनाला 250 चौरस फूट, मोठ्या जमीनदाराला 750. घरात माणसं किती, बाळंतीण कुठे निजणार, जनावर कुठे बांधणार, हे बाईला कुणी विचारलंच नाही. पण लातूर-उस्मानाबादच्या ज्या शेकडो गावांत घरं जागेवरच दुरुस्त करायची होती, तिथे पैसा घरमालकाच्या हाती दिला आणि गावातल्या बायकांनाच संवाद सहायक नेमलं. प्रेमा गोपालन यांच्या 'स्वयम् शिक्षण प्रयोग'नं हे काम उभं केलं. बायकांनी माहिती घरोघर नेली, कोपऱ्यांच्या जोडण्या आणि पट्ट्या समजून घेतल्या, बांधकामावर नजर ठेवली. त्या बायका इंजिनिअर नव्हत्या, आणि त्यांच्यावाचून ते काम झालं नसतं.

म्हणून आपली मागणी साधी आहे. तोडीला जाणाऱ्या गावांत घरकुलाच्या यादीचा कोणताही ठराव दसरा ते पाडवा या काळात होता कामा नये. यादी आधी महिला सभेत मोठ्यानं वाचावी. कापलेलं प्रत्येक नाव आणि त्याचं कारणही वाचावं. एकट्या बाईला, कोर्टाचा कागद असो नसो, महिला सभेच्या शिफारशीवर स्वतंत्र कुटुंब मानावं. यानं उशीर होईल, उद्दिष्ट चुकेल, असं अधिकारी म्हणतील. उद्दिष्ट त्यांचं मार्चअखेरचं असतं. बायका एप्रिलमध्ये परततात. एक महिना थांबायला काय हरकत आहे?

त्या वस्तीवरच्या बायकांनी असा अर्ज लिहिलाय. अठ्ठावीस सह्या आहेत, त्यातले अकरा अंगठे. पंचायत समितीत तो दिल्याची पोच मिळायला दोन खेपा पडल्या. तुमच्या गावातून असा अर्ज जायचा असेल तर तो दसऱ्याआधी, ट्रक निघायच्या आत लिहायला हवा.