सर्व्हर नवा घेतला, मग स्लो का?

मागच्या शनिवारी सकाळी सकाळी अंबरनाथहून फोन. "तू सांगितलेलं मशीन आणलं, आता जुन्यापेक्षा स्लो चालतंय. ये आणि बघ." फोन करणारा माझा शाळेतला मित्र, एमआयडीसीतल्या एका छोट्या कारखान्याचे हिशेब सांभाळतो. आणि हो, मशीन घ्या म्हणून सांगणारा मीच. वीकेंड गेला खड्ड्यात. बदलापूरहून मिळेल ती गाडी पकडली.

तर झालं असं. जुना सर्व्हर ४ कोअरचा, फिरत्या हार्डडिस्कवाला. नवा १६ कोअरचा, ६४ जीबी रॅम, वर एसएसडी. हलवाहलवी करतानाच पोस्टग्रेसही ९.६ वरून १४ वर नेलं. आणि डिस्पॅचचा जो रिपोर्ट ४ मिनिटांत यायचा, तो पाऊण तास घ्यायला लागला! रिपोर्ट जुळल्याशिवाय ट्रक सुटत नाही. डिस्पॅचला बसणाऱ्या ताई आठवडाभर रात्री नऊपर्यंत थांबत होत्या. वर मशीन विकणाऱ्याने शेठना सांगून ठेवलेलं की तुमच्या बाई एन्ट्री चुकीच्या करतात. शेठ उल्हासनगरचे. ("मेड इन यूएसए"चा जोक ते स्वतःच सांगतात.) मला बघितल्या बघितल्या म्हणाले, "और रॅम डाल दें क्या?"

आधी बघितलं तर एसएसडी निवांत, रॅम बरीचशी रिकामी, १६ पैकी १५ कोअर झोपलेले आणि एकच शंभर टक्क्यांवर. म्हणजे क्वेरी एकटी एका कोअरवर घाम गाळत होती. गाडीला डबे वाढवले तरी कल्याणच्या अलीकडे सिग्नलला उभी राहायची ती राहतेच, तसंच हे. मग एक्सप्लेन अ‍ॅनलाइझ लावलं. प्लॅनरचा अंदाज होता १ ओळ येईल, प्रत्यक्षात आल्या दोन लाखांवर. एक ओळ समजून त्याने साधा नेस्टेड लूप निवडला, आणि तो बिचारा दोन लाख वेळा फिरत बसला.

कारण काय, तर पीजी-अपग्रेड डेटा नेतो, पण कोणत्या कॉलममध्ये काय किती आहे याची आकडेवारी नेत नाही. व्हर्जन १७ पर्यंत हे असंच होतं, २०२५ मध्ये आलेल्या १८ पासून ती बरीचशी सोबत येते. काम संपल्यावर तो स्क्रीनवर स्पष्ट सांगतो की आता अ‍ॅनलाइझ चालवा. पण ती शेवटची ओळ वाचतो कोण? ऑटोव्हॅक्यूम आपणहून करेल म्हणावं, तर तो साधारण १० टक्के ओळी बदलल्याशिवाय टेबलाला हात लावत नाही. जुन्या वर्षांची डिस्पॅचची टेबलं कशाला बदलतील? शिवाय जुन्या मशीनवरची कॉन्फिग फाइल आणलीच नव्हती, त्यामुळे ६४ जीबीच्या मशीनवर शेअर्ड बफर्स मूळचेच, १२८ एमबी. रँडम पेज कॉस्टही ४, म्हणजे फिरत्या डिस्कच्या जमान्यातली.

अ‍ॅनलाइझला काही मिनिटं लागली. बाकीच्या सेटिंग्ज बदलून रीस्टार्ट केलं. रिपोर्ट ५० सेकंदांत. ताईंनी दोनदा चालवून बघितला, विश्वासच बसेना.

इथे थांबलो असतो तर मी हिरो होतो :) पण जुनं मशीन अजून कोपऱ्यात होतं, डेटासकट. डोक्यात किडा वळवळला. आधी तरी ४ मिनिटं का लागत होती, हे मी मशीन सुचवताना विचारलंच नव्हतं. चालू करून बघितलं. पार्टी आणि तारीख मिळून एक इंडेक्स हवा होता, तो नव्हता. तो टाकला आणि जुन्या डब्यावर तोच रिपोर्ट २० सेकंदांत आला.

म्हणजे मशीन घ्यायची गरजच नव्हती.

आपल्या धंद्याची ही खोडच आहे. स्लो झालं की हार्डवेअर सुचवायचं, कारण त्याचं कोटेशन निघतं, बिल निघतं, काहीतरी केल्यासारखं दिसतं. एक्सप्लेन बघायला अर्धा तास लागतो आणि त्याचं कुणी बिल देत नाही. विकणाऱ्याला मी एकट्याला दोष देणार नाही, मीही फोनवर दोन मिनिटांत "मशीन बदल" म्हणून मोकळा झालो होतो. आणि त्या दोन मिनिटांची किंमत भरली कुणी? रात्री नऊला फलाटावर उभ्या राहणाऱ्या ताईंनी. कामात चुका करतात हेही त्यांनाच ऐकावं लागलं.

शेठना इंडेक्सचं सांगावं की नाही, यावर चहा संपेपर्यंत विचार केला. मग सांगितलं. एन्ट्रीत काही चूक नव्हती, हेही ताईंच्या समोरच सांगितलं. शेठ जरा वेळ जुन्या मशीनकडे बघत राहिले. "मतलब पैसा गया?" मी हो म्हणालो. नव्या मशीनवरही तो इंडेक्स टाकला, आणि जुनं आता रोजच्या बॅकअपला लावलंय.