पाण्याचा ताळेबंद आणि माझे चार मित्र

"तू कट्ट्यावर का येत नाहीस रे?" फर्स्ट इयरला हा प्रश्न मला किमान पन्नास वेळा विचारला गेला असेल. उत्तर जुळवायला मला वेळ लागायचा आणि तोवर विचारणारा चहा संपवून निघून गेलेला असायचा!

मित्रांनो, मी ऑटिस्टिक आहे. हे कळलं एकोणिसाव्या वर्षी, तीन विषय राहिले आणि घरचे मला पुण्याला डॉक्टरांकडे घेऊन गेले तेव्हा. मराठीत याला 'स्वमग्नता' म्हणतात. शब्द मला अजिबात पटत नाही. स्वतःत मग्न असतो तर बरंच होतं! माझं सगळं लक्ष समोरच्याच्या चेहऱ्यावर काय चाललंय हे ओळखण्यात खर्च व्हायचं. हा हसला म्हणजे खूश आहे, की आपली खेचतोय? होस्टेलला तर सगळे नियम न सांगितलेले. "ये रे कधीही रूमवर" याचा अर्थ 'कधीही' असा नसतो, हे मला रात्री साडेअकराला जर्नल घेऊन दार वाजवल्यावर कळलं. नंतर त्या रूमवर माझी नक्कल व्हायची. मी मेसला सगळ्यात शेवटी जायला लागलो, मग जाईनासाच झालो. बिस्किटांवर एक सेमिस्टर काढलं. कॉलेज सोडायचा अर्ज लिहून तयार होता.

असो. तो अर्ज दिला नाही, कारण मध्ये रा.से.यो.चं शिबिर आलं (नाव आधीच दिलेलं, रद्द करायला सरांशी बोलावं लागलं असतं, म्हणून गेलो!). नगरजवळच्या एका गावात सात दिवस चर खणायचे होते. टिकाव, फावडं, घमेलं. ओळीत उभं राहायचं, डावीकडून घमेलं घ्यायचं, उजवीकडे द्यायचं. काय बोलायचं हा प्रश्नच नाही. तिसऱ्या दिवशी लक्षात आलं की उजवीकडच्या सिव्हिलच्या मुलाशी मी तासभर बोलतोय, तेही त्याच्या डोळ्यांत न बघता, आणि त्याला त्याचं काही वाटत नाहीये.

त्याच शिबिरात एक दिवस हिवरे बाजारला नेलं. गोष्ट तुम्हाला माहीत असेल. एम. कॉम. झालेले, क्रिकेट खेळणारे पोपटराव पवार १९८९ साली सरपंच झाले. दुष्काळ, दारू आणि स्थलांतर यांनी गाव पोखरलेलं. मग श्रमदान, समतल चर, कुऱ्हाडबंदी, चराईबंदी. शेतीसाठी बोअर घ्यायची नाही, ऊस-केळी लावायची नाही, हे गावाने ठरवलं. बाकीचे फोटो काढत होते. मी मात्र पाण्याच्या ताळेबंदापाशी अडकलो. पाऊस किती पडला ते मोजायचं, आधी माणसांच्या आणि जनावरांच्या पिण्याचं बाजूला काढायचं, आणि उरेल त्यावर कोणतं पीक घ्यायचं ते ग्रामसभेत सगळ्यांसमोर ठरवायचं. म्हणजे नियम मोठ्याने सांगितलेले! कुणाच्या भुवईवरून ओळखायचे नाहीत. मला तर तिथेच राहावंसं वाटलं.

अर्थात गावाची एकी ही दुधारी गोष्ट आहे. सगळ्यांनी एका बाजूला हात वर केल्यावर ज्याचा हात खाली राहतो, त्याला किती जड जात असेल हे मला कुणी सांगायला नको. पण तिथे निदान कशावर हात वर करतोय हे तरी कळतं.

परत आल्यावर मी सिव्हिलवाल्याला एका कागदावर लिहून दिलं. गर्दीचा आवाज मला सोसत नाही. टोमणा कळत नाही, सरळ सांग. दिवसातून साधारण दोन तास माणसांत राहू शकतो, त्यातला एक लेक्चर-प्रॅक्टिकललाच जातो. मी गप्प झालो तर रागावलेलो नसतो. त्याने वाचून विचारलं, "मग सबमिशनच्या आठवड्यात काय करायचं?" दुष्काळाचं नियोजन! त्याच्यामुळे त्याचा रूममेट आला, रोबोटिक्सच्या खोलीत सोल्डरिंग करताना आणखी दोघं. चौघंच. वाढवायची घाई नाही. आम्ही कट्ट्यावर बसत नाही, काहीतरी करत बसतो. एक जण ड्रॉइंग शीट काढतो, मी कोड लिहितो, दोन वाक्यं दर अर्ध्या तासाला.

सगळ्यांनाच कागद दाखवा असं मी म्हणणार नाही. एकाला दाखवला, त्याने तो वर्गाच्या ग्रुपवर टाकला. आठवडाभर खाली मान घालून फिरलो. तेव्हापासून आधी सोबत काम करतो, मग कागद. २०१६ च्या दिव्यांग हक्क कायद्यात ऑटिझम आहे, डिस्लेक्सियासारख्या अध्ययन अक्षमताही आहेत. त्याच्या आधारे परीक्षेतल्या सवलती मागता येतात, आणि त्या जरूर मागा, लाजू नका. पण मेसमध्ये शेजारी कोण बसणार हे कायदा ठरवत नाही. कॉलेजला माझी एकच विनंती आहे. फर्स्ट इयरच्या स्वागताला डीजे आणि इंट्रो घेण्याऐवजी नव्या पोरांना एक दिवस फावडी द्या. बोलघेवडे तिथेही बोलतील, आमच्यासारख्यांना निदान हातात काहीतरी असेल.

परवा मेसमध्ये कुणाचा तरी वाढदिवस होता, ताटं वाजत होती. सिव्हिलवाला दारातच भेटला. "आज फुल्ल आवाज आहे. ताट रूमवर आणू?"

"आण," मी म्हटलं, "आणि लोणचं विसरू नको."

– तृतीय वर्ष, संगणक अभियांत्रिकी